ऑफिस २०१० की २०२४? नव्या लॅपटॉपवर दोन्ही चालवून बघितलं

इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधून विंडोज ११ वाला लॅपटॉप घेतला तर दुकानदार म्हणतो "मॅडम, ऑफिस भी डाल देता हूं, पाँच सौ में लाइफटाइम". त्याचं बिल मागितलं तर हसायला लागला. म्हटलं राहू दे भिया, माझ्याकडे माझी डिस्क आहे, २०११ मध्ये पैसे मोजून घेतलेली, होम अँड स्टुडंट २०१०, डब्यावर तीन पीसी चालतील असं लिहिलंय आणि आत्तापर्यंत दोनच झालेत.

घरी आले तेव्हा कळलं की नव्या लॅपटॉपला डिस्क घालायला जागाच नाहीये! भाच्याकडून यूएसबीवाला ड्राइव्ह आणला, पंचवीस अक्षरांची प्रॉडक्ट की (लायसन्सचा नंबर) चष्मा लावून टाईप केली, आणि चालू झालं. नुसतं चालू नाही, पटकन उघडतं एकदम. सासऱ्यांची जुनी पत्रं उघडली तर सगळी इंग्रजी गिचमिड दिसली, मी घाबरले, पण तो ऑफिसचा दोष नव्हता, पत्रं कृतिदेवमध्ये होती आणि नव्या मशीनवर तो फॉन्टच नव्हता. जुन्या लॅपटॉपवरून फॉन्टची फाइल कॉपी केली, झालं काम.

मग घोटाळा झाला तो सोसायटीच्या मेंटेनन्सच्या शीटने. सेक्रेटरींनी ती नव्या एक्सेलमध्ये बनवलेली, माझ्याकडे उघडली तर आकडे बरोबर, म्हणून मी बिनधास्त एका फ्लॅटच्या बाकीवर डबल क्लिक करून एंटर मारला आणि तिथे #नेम? आलं. फॉर्म्युला बघितला तर एक्सलूकअप, म्हणजे यादीतून हवा तो आकडा शोधून आणणारं फंक्शन. ते २०२१ च्या ऑफिसपासून आलंय, २०१० ला ते नावच माहीत नाही, आधीचा साठवलेला आकडा दाखवत बसतं आणि हात लावला की हात वर करतं. मी तशीच सेव्ह करून पाठवली, आणि ग्रुपवर काय झालं ते सांगत नाही.

फुकटचं लिब्रेऑफिस पण टाकून बघितलं. त्याला २४.८ व्हर्जनपासून एक्सलूकअप कळतं, साध्या पत्राला, यादीला मस्त आहे, खरंच. पण माझ्या भिशीच्या फाइलमधलं मॅक्रोचं (एका क्लिकवर सगळं काम आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं) बटण काही चाललं नाही आणि हळदीकुंकवाच्या पत्रिकेतले रकाने इकडेतिकडे गेले. ज्याला मॅक्रोबिक्रो नाही त्याने हेच घ्यावं, पैसे कशाला घालवायचे.

आमच्या ह्यांचा मुद्दा वेगळाच, म्हणाले अगं २०१० चे सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२० लाच बंद झालेत, तू त्याच मशीनवर नेटबँकिंग करतेस आणि कोणाकोणाच्या मेलमधल्या फाइली उघडतेस. हे पटलं मला. (२०१६ आणि २०१९ वाल्यांनो, तुमचेही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले.)

शेवटी ऑफिस होम २०२४ घेतलं. घेण्याआधी लॅपटॉपचा खोका नीट वाचला, कारण बऱ्याच मशीनवर ऑफिस आधीच दिलेलं असतं, माझ्या मशीनवर फक्त मायक्रोसॉफ्ट ३६५ चा ट्रायल होता. ते ३६५ नको म्हटलं, दरवर्षी भरा, आणि नाही भरलं तर फाइल नुसती वाचायची, बदलता येत नाही. होम २०२४ चे पैसे एकदाच, अपडेट ऑक्टोबर २०२९ पर्यंत, पण एकाच पीसीवर चालतं आणि मायक्रोसॉफ्टचं अकाउंट काढावंच लागतं. सोसायटीची शीट आता गुपचूप चालते, भिशीचं बटण पण चाललं. वैताग म्हणजे सेव्ह करताना सारखं वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टचं ऑनलाइन स्टोरेज) पुढे करतं, आणि नवीन फाइल ऍप्टॉस फॉन्टमध्ये उघडते, तीच सासऱ्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर नेली तर ओळी खालीवर होतात, म्हणून पहिल्याच दिवशी मी कॅलिब्री परत लावून टाकला.

पाचातले साडेतीन, कापलेले दीड वनड्राइव्हच्या नावाने.