गुरांची पावडर 'मेंढरांची' म्हणून विकतात, सावध राहा

बकरी ईदच्या आधी आटपाडी भागातल्या वस्त्यांवर एकजण मोटारसायकलवरून पांढरी पोती विकत फिरतो. "नुसत्या चराईवर मटण भरत नाही. ही पावडर रोज मूठभर भरड्यातून चारा, पाठ भरेल, खाटीक चढा भाव देईल," असं सांगतो. आमच्याकडून त्यानं रोख पैसे घेतले. पावती दिली नाही. पोत्यावर लेबल नव्हतं, त्याबद्दल विचारलं तर म्हणाला, "खास मेंढरांसाठीच बनवलंय, सुटा माल म्हणून स्वस्त."

माल निघाला गाईम्हशींचं मिनरल मिक्श्चर, म्हणजे खनिज क्षारांची पावडर. त्यात तांबं भरपूर असतं. गाईला ते चालतं, मेंढीला नाही. मेंढीच्या खाण्यात किलोमागे 7 ते 11 मिलिग्रॅम तांबं पुरतं. रोजच 25 च्या वर जायला लागलं की धोका.

सुरुवातीला काहीच कळत नाही, खरा घात तिथंच आहे. जनावर चरतं, रवंथ करतं आणि तांबं गुपचूप काळजात (यकृतात) साठत जातं. मग प्रवास, उपास असा ताण पडला की ते एकदम रक्तात उतरतं आणि तांबड्या पेशी फुटतात. आमचे माडग्याळ जातीचे मेंढे टेम्पोतून बाजारात नेले, तिथून परत आले ते माना टाकूनच. हिरड्या पिवळ्या, लघवी कोऱ्या चहासारखी. जे मेले त्यांचं डॉक्टरांनी शवविच्छेदन केलं. मेंढीची पांढरी चरबी पार पिवळी पडलेली, मूत्रपिंडं काळीनिळी. असं मटण खाण्यालायक राहत नाही. त्याच कळपातल्या शेळ्या तोच खुराक खाऊन धडधाकट राहिल्या, कारण शेळी तांबं जास्त सोसते. म्हणून "शेजाऱ्याच्या शेळ्यांना मानवलं" हे ऐकून मेंढरांना काही घालू नका.

फोन केल्यावर विक्रेता म्हणतो, "मेंढरं तासगावकडं द्राक्षबागेत बसवली असतील, बोर्डो फवारलेलं गवत खाल्लं असेल." बोर्डो म्हणजे द्राक्षावरचं बुरशीनाशक, त्यात मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार असतो, तोही धोका खरा आहे, बागेत कळप बसवणाऱ्यांनी फवारणीचं विचारूनच घ्यावं. पण आमचा कळप माळावरच होता. त्यानंतर त्यानं फोन उचलला नाही.

उन्हाळ्यात माळावरचं गवत वाळतं, त्यात प्रथिनं फारशी उरत नाहीत, तेव्हा वरचा खुराक हवाच. पण मांस चढतं ते मक्याचा भरडा आणि पेंडीनं. तेही हळूहळू वाढवत न्यायचं, एकदम धान्य घातलं तर पोटात आम्ल होऊन जनावर दगावतं. चिमूटभर क्षार द्यायचे तर मेंढ्यांसाठी म्हणून छापलेलं, तांब्याचं प्रमाण आणि बॅच नंबर लिहिलेलं सीलबंद पाकीटच घ्या, पक्की पावती मागा. पावडर आधीच चारली असेल तर आजच बंद करा, मेंढरं टेम्पोत चढवू नका आणि पिवळेपणा दिसायची वाट न बघता पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. पोतं फेकू नका, तक्रारीला आणि तपासणीला तेच लागतं.