१८,५०० ची बॅलन्स्ड केबल : नऊ महिने वापरल्यानंतर (आणि त्या बाणाबद्दल)

डावा चॅनल बारीक झाला नसता तर हे लिहायला बसलोच नसतो, कारण दिवाळीत ही एक्सएलआर (तीन पिनांची, बॅलन्स्ड) केबलची जोडी घेतल्यावर मीच भेटेल त्याला सांगत सुटलो होतो की बाबांनो, आरसीए (नेहमीची एका पिनची केबल) काढून टाका, पडदा उठल्यासारखं वाटतं. ते शब्द आता मागे घेतोय, पण सगळे नाही. का ते पुढे येईलच.

सेटअप साधाच आहे. लॅपटॉप, डॅक (डिजिटल गाण्याचा अँपला चालणारा सिग्नल करणारा डबा), इंटिग्रेटेड अँप, बुकशेल्फ स्पीकर. डॅक आणि अँप दोन्हीला बॅलन्स्ड सॉकेट होते आणि ते मोकळे बघून जीव तुटायचा, पैसे मोजलेत तर वापरायला नकोत का. दुकानदाराने दीड मीटरची जोडी दाखवली, चांदीचा मुलामा, लाकडी पेटी, आणि केबलवर सोनेरी बाण. सिग्नल कुठल्या दिशेने जाणार त्याचा बाण. वर सांगितलं की २०० तास बर्न-इन होऊ द्या, म्हणजे नुसती वाजवत ठेवा, मग खरी खुलेल.

पहिल्या रात्री लावली आणि खरंच आवाज मोठा, भरीव, तानपुऱ्याची जवारी समोर आल्यासारखी. तुलना प्रामाणिक व्हावी म्हणून व्हॉल्यूमचा नॉब मुद्दाम हलवला नव्हता. इथेच फसलो, हे कळायला सात महिने लागले.

मे महिन्यात एका संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, गाणं त्या खिडकीकडून का येतंय?" बघतो तर गायक मधून उठून उजवीकडे जाऊन बसलेला. डावी बाजू चालू होती पण मंद, आणि कान लावला तर बारीक घुंईऽऽ. केबलींची अदलाबदल केली तर दोष उजवीकडे गेला, म्हणजे केबलच. मल्टिमीटर लावला : पिन १ बीप, पिन २ बीप, पिन ३ गप्प. बॅलन्स्डमध्ये तोच सिग्नल पिन २ आणि पिन ३ च्या दोन तारांवरून जातो, एकीवर सुलट, दुसरीवर उलट, आणि अँप दोघींतला फरक घेतो. एक तार तुटली की आवाज बंद पडत नाही, सिग्नल निम्मा होतो, म्हणजे ६ डीबी (डेसिबल) खाली. शिवाय वाटेत घुसलेली घरघर वजा करायला जोडीदार उरत नाही.

सर्व्हिसला फोन केला. पहिला प्रश्न, "सर, बाण उलटा लागलाय का?"

आता ज्यांनी एक्सएलआर हातात धरलंय त्यांना हसू येईल. डॅकच्या आउटपुटला मेल सॉकेट, अँपच्या इनपुटला फीमेल, केबलची दोन टोकं त्यांच्या उलट. ती एकाच दिशेने बसते, दुसऱ्या दिशेने बसवायची तर हातोडा लागेल. मग बाण कोणासाठी छापलाय? मी हे त्या माणसाला विचारलं. तो म्हणाला तुमचा मुद्दा टेक्निकल टीमला कळवतो. दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा दुसऱ्या माणसाने परत बाणच विचारला. तिसऱ्यांदा मी आधीच सांगून टाकलं की बाण बरोबर आहे, तर म्हणे बर्न-इन झालंय का. अहो, पिन ३ ची तार तुटलीय, ती काय २०० तासांनी आपोआप जुळणार आहे?

शेवटी कुरिअर माझ्या खर्चाने (६४० रुपये, पावती ठेवलीय). सहा आठवड्यांनी केबल परत, सोबत चिठ्ठी : "दोष आढळला नाही." घरी कनेक्टरचा स्क्रू काढून बघितलं तर पिन ३ वर नवंकोरं चकचकीत सोल्डर. दोष नव्हता तर हे काय वरणाला फोडणी दिली का? कारण उघड आहे, केबल बोटाएवढी जाड आणि कडक, शेल्फच्या मागे वाकवली की सगळा ताण सोल्डरवर येतो. मुलामा चांदीचा आणि टाका कच्चा.

पण त्या सहा आठवड्यांत खरी गंमत झाली. गाण्याशिवाय राहवेना म्हणून पुण्यातल्या तपकीर गल्लीत जाऊन स्टार-क्वाड (आत चार तारांची) माइक केबल मीटरवर कापून घेतली, न्यूट्रिक कंपनीचे कनेक्टर घेतले आणि घरी सोल्डर केलं, एका केबलचा खर्च ९७५. फक्त डावीच केली, उजवी महागडी चालू होतीच, उगाच दोन कशाला. म्हणजे सहा आठवडे माझ्या घरात डाव्या कानाला ९७५ ची आणि उजव्या कानाला ९,२५० ची केबल. केबलला स्वतःचा काही आवाज असता तर गायक पुन्हा सरकायला हवा होता, एका बाजूची जवारी उजळ आणि दुसरीची बोथट व्हायला हवी होती. गायक मध्यभागी बसला तो हलला नाही. ज्या मित्राने मला केबलच्या नादाला लावलं तो एका रविवारी दोन तास ऐकून गेला, म्हणाला, "बघ, आता कशी खुललीय." मी चहा आणायला आत गेलो.

मग संशय आला आणि मुळापासून तपासलं. दुसरी स्वस्त केबलही केली. माझ्या डॅकच्या आरसीएवर २ व्होल्ट निघतात आणि एक्सएलआरवर ४, म्हणजे नॉब तिथेच ठेवला की ६ डीबी जास्त. थोडं मोठं ते कानाला नेहमी चांगलं वाटतं, माझा उठलेला पडदा तो हाच. महागडी दुरुस्त होऊन आल्यावर मुलीला कामाला लावलं, ती केबली बदलणार, मी स्वयंपाकघरात थांबणार, परत येऊन ओळखणार. १२ वेळा केलं, ७ बरोबर. नाणं उडवून एवढे येतातच. बाराव्या वेळी मुलगी म्हणाली, "बाबा, मी गेल्या तीन वेळा काही बदललंच नव्हतं." त्यातल्या एका वेळी मी "बेस जरा सुटसुटीत" असं म्हणालो होतो.

आकडेमोडही करून बघितली. आउटपुट १०० ओहम, केबलचं कपॅसिटन्स (वरचे स्वर दाबणारा तिचा गुण) अगदी सढळ हाताने ३०० पिकोफॅरड धरलं तरी वरचे स्वर घटायला लागतात ५३ लाख हर्ट्झच्या आसपास. माणसाला ऐकू येतं २० हजारांपर्यंत, माझ्या वयाला त्याहून बरंच कमी.

आता जे मागे घेत नाही ते. आरसीएवर असताना लॅपटॉपचा चार्जर लावला की तानपुऱ्याच्या खाली आणखी एक बेसूर तानपुरा लागायचा, ग्राउंड लूपची, म्हणजे अर्थिंगमधून फिरणाऱ्या करंटची ती घरघर. आरसीएत शील्ड (तारेभोवतीचं धातूचं आवरण) हीच सिग्नलची परतीची वाट, त्यामुळे अर्थिंगमधला कचरा सरळ गाण्यात मिसळतो. बॅलन्स्ड लावल्यावर ती गेली ती गेलीच. पण ९७५ वालीनेही तेवढीच गेली. हे काम केबलची किंमत करत नाही, जोडणी करते, आणि पीळ दिलेल्या जोडीचं पेटंट बेलने १८८१ मध्येच घेतलंय, टेलिफोनसाठी. नाट्यगृहात माइकचा मिलिव्होल्टमधला सिग्नल अशाच साध्या केबलीतून स्टेजपासून मिक्सरपर्यंत जातो. मला दीड मीटर जायचं होतं.

तेव्हा घरघर असेल तर बॅलन्स्ड जरूर करा, साधी माइक केबल घ्या. मात्र अँपच्या आत खरं डिफरन्शियल (दोन तारांतला फरक घेणारं) इनपुट आहे का ते आधी बघा, काही ठिकाणी सॉकेट नुसता शोभेला असतो, पिन ३ कशालाच जोडलेली नसते. घरघर नसेल तर आरसीए काढायचं काहीच कारण नाही, ते पैसे स्पीकरकडे वळवा.

महागडी जोडी पेटीसकट विकायला काढलीय. एकाचा फोन आला, ७ हजार म्हणाला, आणि विचारलं बर्न-इन किती झालाय. म्हटलं नऊ महिने, मध्ये सहा आठवडे सोडून. तर म्हणाला, मग ८ देतो. मी काही बोललो नाही. शनिवारी येतोय.