साल चुकलेली काडतुसं: ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’मधल्या हत्यारांचं परीक्षण

सर्जिओ लिओनेच्या १९६६च्या या चित्रपटाची पार्श्वभूमी आहे अमेरिकी यादवी युद्धातली १८६२ची न्यू मेक्सिकोची मोहीम. जनरल सिब्ली टेक्सासहून दक्षिणेची फौज घेऊन चढून आला, मार्चच्या अखेरीस ग्लोरिएटा खिंडीपाशी त्याची रसद जळाली आणि फौज उपाशीतापाशी मागे फिरली. एवढं खरं. त्या वर्षी घोडेस्वाराच्या कमरेला असायचं ते ठासणीचं, म्हणजे सुटी दारू आणि गोळी ठासून भरायचं रिव्हॉल्वर. पडद्यावर मात्र पट्ट्यांत काडतुसं ओळीने खोचलेली. ही चूक सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती दुरुस्त केली तर चित्रपटातले निदान तीन प्रसंग जागच्या जागी कोसळतात, हे फारसं कुणी बोलत नाही.

आधी मूळ माल बघू. चित्रपटातल्या तीन मुख्य पात्रांपैकी ब्लाँडी आणि टूको या दोघांकडे कोल्टचं १८५१चं ‘नेव्ही’ मॉडेल आहे. ०.३६ इंच बोअर (नळीच्या भोकाचा व्यास), सहा बार, साडेसात इंचांची अष्टकोनी नळी, वजन साधारण १.२ किलो. डोक्यावर पट्टी नाही, म्हणजे सिलिंडरच्या (सहा खान्यांच्या फिरत्या गोलाच्या) वरची बाजू उघडी. सिलिंडरवर टेक्सासच्या आरमाराची १८४३ची कांपेचेजवळची लढाई कोरलेली असते, ‘नेव्ही’ हे नाव त्यावरूनच. नेम धरायची मागची निशाणी म्हणजे घोड्याच्या (बार पेटवणाऱ्या हातोडीच्या) नाकावर पाडलेली खाच. घोडा ओढल्याशिवाय ती दिसत नाही, त्यामुळे नेम धरायचा तर आधी घोडा चढवायचा. नळी सांगाड्याला धरून ठेवते ती एक आडवी पाचर. पाचर ठोकून काढली की नळी आणि सिलिंडर पुढे सरकून हातात येतात.

कोकणात पीकसंरक्षणाची ठासणीची बंदूक ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. दर खान्यात वीसेक ग्रेन (सव्वा ग्रॅमच्या आसपास) काळी दारू, वर खान्यापेक्षा किंचित मोठी शिशाची गोळी, नळीखालच्या दांड्याने ठासायची, ठासताना शिशाची बारीक कडी कातरून निघाली पाहिजे. निघाली नाही तर गोळी सैल आहे असं समजायचं. तोंडाला चरबी, मागच्या बोंडीवर घोडा आपटला की ठिणगी देणारी तांब्याची टोपी. असं सहा वेळा. सराईत माणसालाही दोन-तीन मिनिटं सहज लागतात. टोपी सैल बसली किंवा गोळी ढिली राहिली तर एका बाराची आग शेजारच्या खान्यात शिरते आणि दोन-तीन बार एकदम उडतात. कोल्टची आणखी एक खोड म्हणजे फुटलेल्या टोपीचा तुकडा घोड्याच्या फटीत पडतो आणि यंत्र अडतं. घोडा ओढताना नळी आकाशाकडे करायची जुनी सवय त्यातूनच आली. तुकडा मागे गळून पडावा म्हणून.

आता ते तीन प्रसंग.

पहिला, न्हाणीघराचा. टूको फेसाने भरलेल्या टबात बसलाय, मारेकरी समोर उभा राहून तोंडाची वाफ दवडतोय, आणि फेसाच्या आतून बार होतात. ठासणीचं रिव्हॉल्वर असं साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवलं तर टोप्यांखाली पाणी शिरून बार फुसका जाण्याचीच शक्यता जास्त. टोप्यांना मेण लावून पाणी अडवता येतं, पण अंघोळीला बसताना मेण लावणारा माणूस टूको नव्हे. धातूचं काडतूस मात्र अशा चार मिनिटांच्या अंघोळीला भीक घालत नाही.

दुसरा, हॉटेलच्या खोलीचा. ब्लाँडी रिव्हॉल्वर सुटं करून साफ करत बसलाय, खाली रस्त्यावर फौज चाललीय, फौज थबकते आणि जिन्यावरच्या स्परांचा आवाज कानावर येतो. हा प्रसंग हत्यारं कळणाऱ्याने बघावा असा आहे. सिलिंडर ते ज्यावर फिरतं त्या मधल्या दांडीवर, नळी पुढून, पाचर आत, हा क्रम बरोबर आहे आणि कोल्ट खरंच इतक्या लवकर जुळतं. पण जुळणं वेगळं, भरणं वेगळं. ठासणीचा हिशोब धरला तर तिघे मारेकरी दारात खुर्ची टाकून बसले असते.

तिसरा, शेवटचा. स्मशानातल्या तिरंगी लढतीत टूकोचा घोडा रिकाम्या खान्यावर पडत राहतो, कारण ब्लाँडीने आदल्या रात्रीच ते रिकामं केलेलं असतं. ठासणीच्या हत्यारात हा डाव जवळजवळ अशक्य. दारू आणि गोळी सहजी बाहेर निघत नाहीत. काढायच्या त्या टोप्या, आणि उघड्या बोंड्या मागून एका नजरेत दिसतात. गोळ्याही समोरून खान्यांच्या तोंडाशी दिसतात. पडद्यावर आहे तशा, काडतुसांसाठी बदललेल्या रिव्हॉल्वरमध्ये मागची चकती काडतुसांचे बूड बऱ्यापैकी झाकते, म्हणून हा डाव खपतो. तरी एक तक्रार आहेच. सहा काडतुसांचं वजन सत्तर-ऐंशी ग्रॅम. सिलिंडर कानाला लावून पारखणाऱ्या टूकोच्या हाताला तेवढा फरक कळू नये?

काडतुसं १८६२त अजिबात नव्हती असं नाही. स्मिथ अँड वेसनचं ०.३२ बोअरचं रिव्हॉल्वर १८६१पासून मिळत होतं, पण त्याचा जोर बेताचाच. मोठ्या बोअरमध्ये बाकीच्या कंपन्यांना अडवत होतं ते पेटंट: आरपार भोक असलेल्या सिलिंडरचं रॉलिन व्हाइटचं पेटंट स्मिथ अँड वेसनच्या मुठीत होतं आणि ते १८६९ला संपलं. जुन्या ठासणीच्या मालाला मागून काडतुसं भरायचं सिलिंडर कोल्टने लावायला घेतलं ते त्यानंतर, १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला.

टूकोच्या बंदूकवाल्याच्या दुकानातल्या प्रसंगाला वेगळे गुण द्यायला हवेत, आणि कापायलाही हवेत. तो वेगवेगळी रिव्हॉल्वरं उघडतो, एकाची नळी, दुसऱ्याचं सिलिंडर असं करत स्वतःचं एक जुळवतो. नळीतून उजेडाकडे बघणं बरोबर: आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा) स्वच्छ आहेत का, तोंडाशी ओरखडा आहे का, ते असंच बघतात. सिलिंडर कानाशी फिरवणंही उगीच नाही. घोडा अर्ध्यावर धरला की सिलिंडर मोकळं फिरतं आणि फिरवणारा दात रॅचेटवरून (सिलिंडरच्या मागच्या दातेरी कडीवरून) टकटक करत जातो. टकटक समान अंतराने आली नाही तर दात झिजलाय किंवा रॅचेट. मात्र रेमिंग्टन या दुसऱ्या कंपनीच्या रिव्हॉल्वरची नळी सांगाड्यात स्क्रूसारखी फिरवून घट्ट बसवलेली असते, ती दुकानाच्या काउंटरवर हाताने निघत नाही. आणि कोल्टला कोल्टचेच भाग लावले तरी ते सगळे घासून बसवलेले असतात. दुसऱ्याचं सिलिंडर घातलं की सिलिंडर जागी अडकवणारा खटका खाचेत वेळेवर पडेलच असं नाही. खान्याचं आणि नळीचं तोंड केसभर जरी चुकलं तरी गोळी कडेला खरवडली जाते आणि फटीतून शिसं बाजूला उडतं. टूकोचा हा जुळवलेला माल पहिल्याच फटक्यात तीन लाकडी पुतळे पाडतो. ते नाटक म्हणून छान आहे, एवढंच म्हणू.

तिसरं पात्र एंजल आइज, त्याचं रेमिंग्टन मला या तिघांत सगळ्यात शहाणं हत्यार वाटतं. ०.४४ बोअर, आठ इंचांची नळी, सिलिंडरवरून गेलेली भक्कम पट्टी, त्या पट्टीतच कोरलेली मागची निशाणी. नळीखालचा दांडा पाडला, पिन ओढली की सिलिंडर बाजूने निघतं, भरलेलं दुसरं घालता येतं. दोष एकच, पण मोठा: काळ्या दारूची काजळी त्या बारीक पिनेवर चढते आणि दोन-तीन सिलिंडर झाडल्यावर फिरणं जड होतं. कोल्टच्या जाड दांडीवर ग्रीससाठी खाचा आहेत, ते जास्त वेळ चालतं. ‘१८५८’ हे त्याचं रूढ नाव पेटंटच्या तारखेवरून पडलं. ‘न्यू मॉडेल’ बाजारात आलं १८६३ला. म्हणजे इथेही वर्षभराची उसनवारी.

फाशीचा दोर तोडणारी ब्लाँडीची रायफल हेन्री (त्या काळची धातूच्या काडतुसांची, अनेक बारांची रायफल) म्हणून खपवली आहे. हेन्रीला पुढे लाकूड नसतं, नळीखाली उघड्या फटीची सोळा काडतुसांची नळकांडी असते आणि ती तोंडाकडून भरतात. फटीतून माती शिरते. काडतुसं ढकलणारी घुंडी मागे सरकत आली की डावा हात मध्येच उचलून पुढे धरावा लागतो. चित्रपटात दिसते ती लाकूड काढलेली १८६६ची विंचेस्टर. उजव्या बाजूला भरण्याची झडप बघितली की संशय उरत नाही. गॅटलिंगचं (दांडा फिरवून झाडायच्या अनेक नळ्यांच्या बंदुकीचं) पेटंट नोव्हेंबर १८६२चं आणि डायनामाइट १८६७चं, त्यामुळे पुलापाशी जे काही उडतं त्याचा हिशोबच मांडू नये.

ब्लाँडीच्या रिव्हॉल्वरच्या मुठीवरचा चांदीचा साप लिओनेच्या याआधीच्या दोन वेस्टर्न चित्रपटांत कोल्टच्या १८७३च्या मॉडेलवर होता. तो इथे १८५१वर कसा बसला, असं विचारतात. उत्तर सोपं आहे: १८७३ला कोल्टने मुठीचा आकार ‘नेव्ही’चाच ठेवला.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींपैकी कुणाला प्रतिकृती घ्यायची असेल (भारतात बार उडवणारी प्रतिकृती म्हणजे परवान्याचं हत्यारच), तर इटलीतल्या ब्रेशाजवळची उबेर्ती आणि पिएत्ता ही दोन नावं. उबेर्तीचं पॉलिश उजवं, पण तिच्या कोल्टमध्ये मधली दांडी नळीच्या भोकाच्या तळाला टेकत नाही. पाचर जोरात ठोकली की नळी सिलिंडरवर दाबली जाते आणि फिरणं अडतं. हलकी ठोकली की फट वाढते. भोकाच्या तळाशी मोजून पोलादी चकती बसवली की कटकट संपते. ठासणीच्या ०.३६ला नंतर काडतुसांचं सिलिंडर लावणार असाल तर ०.३८ स्पेशल या काडतुसाची साधी गोळी घेऊ नका: ती ०.३५७ इंचांची, नळी ०.३७५च्या आसपास, गोळी आट्यांना न धरता डुगडुगत जाते. बुडाशी पोकळ असलेली शिशाची गोळी घ्या, ती दाबाने फुगून आटे धरते. आणि असं सिलिंडर पोलादी सांगाड्यातच लावा. पितळी सांगाडा दिसायला देखणा, पण ताणतो.