तरुण विज्ञान अकादमीचं सदस्यत्व: सोलापुरात बसून घ्यावं का?

तरुण विज्ञान अकादमी म्हणजे वेगवेगळ्या विषयांच्या तरुण संशोधकांची, ठरावीक मुदतीच्या सदस्यत्वाची संस्था. निकाल आधी सांगतो. आठवड्याचे तीन-चार तास पाच वर्षं सातत्यानं देता येत असतील, तर अर्ज नक्की करा. बायोडेटात मानाची एक ओळ वाढावी एवढाच हेतू असेल, तर करू नका. काम करणाऱ्या दुसऱ्या कुणाची जागा अडते. आमचे गुण 5 पैकी 4. एक का कापला, ते पुढे आहे.

या अकादम्यांचं बळ त्यांच्या रचनेत आहे. 2000 साली जर्मनीत 'युंगे आकाडेमी' सुरू झाली: 50 सदस्य, मुदत पाच वर्षं, दरवर्षी 10 जुने बाहेर आणि 10 नवे आत. 2010 साली बर्लिनमध्ये स्थापन झालेल्या ग्लोबल यंग अकादमीनंही हीच मुदत ठेवली. तिचे सदस्य जास्तीत जास्त 200, आणि कार्यालय जर्मनीतल्या हाले शहरात, तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीकडे, म्हणजे लिओपोल्डिनाकडे. आपल्याकडे भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं (इन्सा) डिसेंबर 2014 मध्ये तरुण शास्त्रज्ञांची इन्यास ही अकादमी सुरू केली. तिथंही पाचच वर्षं. ज्येष्ठ अकादमीची फेलोशिप आयुष्यभराची असते, त्यामुळे निर्णयाच्या खुर्चीपर्यंत पोचेस्तोवर केस पिकतात. इथं माणसं सतत बदलत राहतात, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच कार्यगट चालवणं, निवेदनाचा मसुदा लिहिणं, कार्यकारिणीत बसणं अंगावर पडतं. पहिलं वर्ष समजून घेण्यात जातं आणि शेवटचं काम सोपवण्यात. हातात खरी वर्षं तीनच.

नेतृत्व खरं आहे की नावापुरतं, हे ओळखायला तीन गोष्टी पाहा: नवे सदस्य कोण निवडतं, पदाधिकारी कोण निवडतं, आणि अकादमीच्या नावानं निघणाऱ्या पत्रकावर शेवटचा शब्द कुणाचा. ग्लोबल यंग अकादमीची कार्यकारिणी सदस्यच निवडतात, आणि वर दोन सहअध्यक्ष असतात. कुठलाही 'युवा मंच' याच कसोटीवर घासून बघा. तिन्ही उत्तरं 'वरिष्ठ समिती' अशी आली, तर तुमच्या वाट्याला फक्त कार्यक्रमांची व्यवस्था येणार.

वेगवेगळ्या विषयांची माणसं एकत्र आली की प्रत्यक्षात काय होतं, त्याला सोलापूरचंच उदाहरण घेऊ. समजा, कार्यगटाला डाळिंबावरच्या तेल्या रोगाबद्दल दोन पानी सल्ला लिहायचा आहे. वनस्पती रोगशास्त्राचा माणूस सांगेल, तेल्या जिवाणूमुळे होतो. पावसाच्या उडणाऱ्या थेंबांतून, रोगट बागेतून आणलेल्या रोपांतून, छाटणीच्या कात्रीतून पसरतो. तेव्हा मृग बहार (पावसाळ्यातली फळधरणी) टाळून हस्त (पावसाळा सरतानाचा) धरा. अर्थशास्त्राचा माणूस विचारेल, सगळ्यांनी हस्तच धरला आणि माल एकदम बाजारात उतरला, तर भावाचं काय? पाण्याचा अभ्यासक म्हणेल, ती फळं पोसायला उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी कुठून आणायचं? समाजशास्त्राची बाई 12 शेतकऱ्यांच्या दीर्घ मुलाखती पुढे ठेवेल, आणि संख्याशास्त्रवाला म्हणेल, "बारा जणांवरून कसं काय ठरवायचं?" काम नेमकं इथं अडतं. भांडण डाळिंबावरून नसतं, पुरावा कशाला म्हणायचं यावरून असतं. बहुतेक गट हा मुद्दा शेवटच्या बैठकीत काढतात, तोवर अर्धा मसुदा लिहून झालेला असतो आणि एकेक वाक्य गाळत सल्ला मिळमिळीत होतो.

याला उपाय साधा आहे. पहिल्याच बैठकीत प्रत्येकानं 'माझ्या विषयात पुरावा म्हणजे काय' हे सहा ओळींत लिहून वाचायचं. गट सात-आठ जणांचाच ठेवायचा. जे वाक्य एखाद्या विषयाला मान्य नाही ते खोडायचं नाही. मतभेद त्याच्याखालीच नोंदवायचा. आणि इतिवृत्त त्याच रात्री पाठवायचं, कारण आठवड्यानं पाठवलं की तीन जणांना तीन वेगळे निर्णय आठवतात.

अर्जाबद्दल. ग्लोबल यंग अकादमी साधारण पीएचडीनंतरची 3 ते 10 वर्षं धरते. आपल्याकडे पीएचडी मिळाल्याच्या विद्यापीठाच्या नोटिफिकेशनची तारीख आणि पदवीदानाची तारीख यांत बरेच महिने जातात. नियम वाचून एकच तारीख ठरवा आणि सगळ्या कागदांवर तीच घाला. अर्जातल्या निवेदनात शोधनिबंधांची यादी पुन्हा उतरवू नका, ती बायोडेटात आहेच. कोणता कार्यगट, पहिल्या वर्षी काय करणार, आठवड्याला किती तास देणार, हे लिहा. शिफारसपत्रात 'मेहनती, शिस्तप्रिय' एवढंच येतं, कारण सरांना शेवटच्या दिवशी फोन जातो. तीन आठवडे आधी त्यांना अर्धं पान टिपण द्या: कुठल्या विषयाच्या माणसांबरोबर काय केलं, त्यातून काय उभं राहिलं. समाजशास्त्र आणि मानव्यविद्येच्या लोकांनी 'हे आपल्यासाठी नाही' असं समजू नये. ग्लोबल यंग अकादमीत त्यांनाही जागा आहे.

वेळेचं गणित मात्र कठीण. यूजीसीच्या 2018 च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास अध्यापन, वर परीक्षा, नॅक (महाविद्यालयाचं मूल्यांकन) आणि प्रवेशाची कामं. दिल्लीची एक दिवसाची बैठक सोलापूरकराला एका दिवसात होत नाही. कर्नाटक एक्सप्रेसनं एका बाजूचा प्रवासच एक दिवसाहून जास्त. पुण्याहून विमान धरायचं तर आधी पुणं गाठायचं. ड्युटी लीव्हचा अर्ज निमंत्रणपत्रासह आधीच द्या, आणि प्रवासखर्च कोण देणार हे तिकीट काढण्यापूर्वी लेखी विचारा. ऑनलाइन बैठकांत घोटाळा होतो तो घड्याळाचा. हालेची दुपारी 2 ची बैठक उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी 5:30 ला असते, हिवाळ्यात 6:30 ला. बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. वेळ तोंडी लक्षात ठेवू नका, निमंत्रण कॅलेंडरमध्ये उघडा.

कापलेला गुण भाषेचा. आंतरराष्ट्रीय अकादमीचं सगळं कामकाज इंग्रजीत चालतं. सल्ला तयार होतो, पण तो सांगोल्याच्या बागायतदारापर्यंत पोचवणारी यंत्रणा तिच्याकडे नसते. ते काम इथल्या सदस्यालाच करावं लागतं आणि त्याचे तास कुणी मोजत नाही. मराठी प्रत म्हणजे शब्दाला शब्द ठेवणं नव्हे. 'परिणाम अनिश्चित आहे' हे वाक्य शेतकऱ्याला 'यांनाच माहीत नाही' असं ऐकू येतं. तिथं दहापैकी किती बागांत फरक पडला, हे आकड्यात सांगावं. आणि छापायच्या आधी ती प्रत केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रातल्या एका तज्ज्ञाला दाखवावी, आणि तेल्यानं बाग गेलेल्या एका शेतकऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवावी.