कान-नाक-घसा आणि नेत्र विभाग: चार तारे, एक का कापला तेही लिहिते

डोळा सुजला की आपण नेत्रतज्ज्ञ शोधतो. पण सर्दी-तापात मुलाची पापणी सुजली तर कान-नाक-घशाचा डॉक्टरही लागतो. इथे दोघंही रात्री एकत्र येऊन बघून गेले, माझे निम्मे तारे त्याचेच.

आमचा धाकटा तिसरीत आहे. घराजवळच्या दवाखान्यात ‘डोळे आलेत’ म्हणून थेंब दिले होते. संध्याकाळपर्यंत डोळा पुढे आल्यासारखा दिसायला लागला आणि बाजूला बघताना तो रडायला लागला. इथल्या कॅज्युअल्टीत डॉक्टर मॅडमनी सुजलेली पापणी बोटांनी हळूच उचलली, वर-खाली, डावी-उजवीकडे बघायला लावलं. मग पेनाचं लाल टोपण एकेका डोळ्यासमोर धरून विचारलं, "दोन्हीकडून सारखंच लाल दिसतंय का रे?" डोळ्याच्या नसेवर दाब आला की लाल रंग आधी फिका पडतो म्हणे.

नाकाच्या बाजूचं सायनस, म्हणजे हाडातली पोकळी, आणि डोळ्याची खोबण यांच्यामध्ये कागदाइतकं पातळ हाड असतं, तिथून संसर्ग आत जातो. सूज फक्त पापणीत असेल तर डोळा नीट फिरतो. फिरवताना दुखलं, डोळा पुढे आला, दोन-दोन दिसलं, तर खोबणीत गेलंय समजायचं. सीटी स्कॅनमध्ये हाडालगत थोडा पू दिसला. लगेच सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू केलं. ऑपरेशनची घाई केली नाही, हे मला फार आवडलं. नजर कमी झाली किंवा एक-दोन दिवसांत उतार पडला नाही, तर दुर्बिणीने नाकातूनच पू काढू, असं स्पष्ट सांगितलं. ती वेळ आली नाही.

रात्रभर सिस्टर टॉर्च आणि तेच लाल टोपण घेऊन येत होत्या. "पोराला झोपू द्या की," म्हणून सासूबाई कुरकुरल्या. त्यावर सिस्टर न चिडता म्हणाल्या, "आजी, नजर गेली तर परत येईलच असं नाही, म्हणून उठवतोय."

तारा कापला तो डिस्चार्जच्या कागदासाठी. सगळं इंग्रजीत आणि घाईच्या अक्षरात. कोणती लक्षणं दिसली तर धावत यायचं, एवढं तरी मराठीत छापून द्या.

आणि असं मूल घेऊन जाणार असाल तर ओपीडीच्या रांगेत थांबू नका, थेट कॅज्युअल्टीत जा.