जीटीएक्स १०६० म्हणून घेतलेले कार्ड

ऑगस्ट २०२१ मध्ये मी पुण्यात एका अनोळखी तरुणाकडून ‘एनव्हिडिया जीटीएक्स १०६०, ६ जीबी’ हे वापरलेले ग्राफिक्स कार्ड (संगणकातला पडद्यावरचे चित्र उभे करणारा भाग) साडेदहा हजार रुपयांना विकत घेतले, आणि आठवडाभरात लक्षात आले की माझ्या हाती पडलेले कार्ड २०११ सालचे जीटीएक्स ५५० टीआय आहे आणि त्याची मेमरी जेमतेम १ जीबी आहे. मी हिशेबनीस आहे. इतरांच्या पावत्या आणि खाती तपासणे हाच माझा व्यवसाय आहे. त्यामुळे पैसे गेल्याचे दुःख जितके झाले, तितकीच लाजही वाटली. अशी बनावट कार्डे अजूनही हातोहात फिरत असतात, म्हणून घडले ते क्रमाने लिहीत आहे.

माझा संगणक चौथ्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरचा, आठ जीबी रॅमचा आणि त्यात जीटी १०३० हे दोन जीबीचे छोटे कार्ड. टाळेबंदीत संध्याकाळी करायला काही उरले नाही, तेव्हा ‘जीटीए ५’ खेळू लागलो. फुल एचडीवर बेताच्या सेटिंगमध्ये सेकंदाला पस्तीस-चाळीस फ्रेम, म्हणजे चित्रे, मिळत, शहरातून गाडी पळवताना मात्र खेळ अडखळे. कार्ड बदलावे की बदलू नये, याचा मी रीतसर कागदावर हिशेब मांडला होता. प्रोसेसर जुना असल्याने फार मोठे कार्ड घेऊन उपयोग नव्हता. जीटीएक्स १०६० च्या वर गेलो तर कार्ड रिकामे बसणार आणि प्रोसेसर धापा टाकणार. १०६० ला १२० वॅट लागतात आणि सहा पिनांची वेगळी जोडणी लागते, म्हणजे माझा जुना एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) बदलण्याचा खर्च वेगळा. हे सगळे मी बरोबर मांडले होते आणि आजही तो कागद चुकला असे मला वाटत नाही.

चुकले ते पुढचे. तो काळ कार्डांच्या दुष्काळाचा होता. चिपांचा तुटवडा होता आणि इथेरियम या आभासी चलनाच्या खाणकामासाठी, म्हणजे कार्डांकडून आकडेमोड करवून ते चलन कमावण्यासाठी, लोक कार्डे घाऊक उचलत होते. एप्रिल २०१९ मध्ये १४९ डॉलरला बाजारात आलेल्या जीटीएक्स १६५० साठी मला ओळखीच्या दुकानदाराने तेवीस हजार सांगितले, तेही ‘मिळाले तर’ या बोलीवर. वापरलेल्या १०६० ला लोक सोळा-अठरा हजार मागत होते. माझा मेहुणा म्हणाला, “भावोजी, सहा महिने थांबा, ही सूज उतरेल.” पण एकदा मन कार्डावर बसले की थांबण्याचा सल्ला ऐकू येत नाही. अशा वेळी जुन्या वस्तूंच्या जाहिरातींत बारा हजारांना १०६० दिसले, आणि ते इतरांपेक्षा इतके स्वस्त का, हा प्रश्न मी विचारला तो थेट विकणाऱ्यालाच. “दादा, गावाला चाललोय कायमचा, सामान काढतोय सगळं,” हे त्याचे उत्तर मला पुरेसे वाटले.

तो चिंचवडला एका खोलीत राहत होता. तेवीस-चोवीसचा, नम्र, दोन मास्क लावलेला. दारातच म्हणाला, “आजी आतल्या खोलीत आहे, लस झालेली नाही तिची, म्हणून जरा लवकर आवरू.” या एका वाक्याने त्याने माझी घाई माझ्याच सज्जनपणावर सोपवली. दुसरी लाट नुकतीच ओसरली होती. कोणाच्या घरात रेंगाळणे मलाच अपराधासारखे वाटले. कार्ड त्याच्या संगणकात बसवलेले होते. त्याने डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली जोडलेल्या भागांची यादी, उघडून दाखवला, तिथे स्वच्छ ‘जीटीएक्स १०६०’ लिहिलेले होते. ‘जीटीए ५’ च्या सेटिंगमध्ये मेमरीची पट्टी दाखवली; त्यावर सहा जीबी उपलब्ध, वापर सहाशे-सातशे एमबी आणि पट्टी हिरवीगार. खेळही चालला. तो ७२० पी वर, म्हणजे फुल एचडीपेक्षा कमी रेझोल्यूशनवर, आणि सगळ्यात खालच्या सेटिंगवर चालला होता, हे मला दिसत होते. पण “माझा मॉनिटर तेवढाच आहे” हे त्याचे म्हणणे मी मान्य केले. इंटरनेट बंद होते, कारण ‘रिचार्ज संपलंय’.

कार्डाला व्हीजीए हा जुन्या मॉनिटरांचा पोर्ट होता. माझा मॉनिटर जुना, व्हीजीएवर चालणारा, आणि १०३० ला तो जोडण्यासाठी मी कन्व्हर्टर लावत असे. तो पोर्ट पाहून मला आनंद झाला. “तुमच्या मॉनिटरला थेट लागेल बघा,” असे तोही म्हणाला. वास्तविक एनव्हिडियाने २०१६ साली १००० मालिकेच्या कार्डांपासून व्हीजीएला लागणारा ॲनालॉग सिग्नलच काढून टाकला आहे, त्यामुळे १०६० ला व्हीजीए पोर्ट असणे ही पहिली शंकेची खूण होती. ज्या खुणेने मी सावध व्हायला हवे होते, तिच्यावरच मी खूश झालो.

घासाघीस होऊन साडेदहा हजार ठरले. पैसे यूपीआयने दिले; खात्यावर नाव त्याचे नव्हते, ‘मित्राचं आहे’ म्हणाला. निघताना त्याने एक पेनड्राइव्ह हातात दिला आणि बजावले की ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) यातलाच टाका, साइटवरचा नवा टाकलात तर जुन्या विंडोजवर अडचण येते. त्याच संध्याकाळी मी एसएमपीएस बदलून घेतला आणि माझे १०३० शेजारच्या मुलाला साडेचार हजारांना विकून टाकले. हे दुसरे काम आठवडाभर लांबवले असते तर निदान खेळायला काहीतरी उरले असते.

पहिले दोन दिवस मी फरक शोधत राहिलो. फुल एचडीवर फ्रेम तिशीच्या आसपास. म्हणजे नव्या कार्डावर जुन्यापेक्षा कमी. मी प्रोसेसरला दोष दिला, धुळीला दोष दिला, रॅम काढून पुन्हा बसवली. टेक्स्चरची सेटिंग एक पायरी वर नेली की खेळ न सांगता बंद पडे. मेमरीच्या पट्टीवर तेव्हाही चार जीबीपेक्षा जास्त मोकळे दाखवत होते, त्यामुळे मेमरी कमी पडत असेल ही शंकाच आली नाही. व्हल्कन या नव्या ग्राफिक्स प्रणालीवर चालणारा आणखी एक खेळ तर सुरूच होईना. शेवटी मी एनव्हिडियाच्या साइटवरून नवा ड्रायव्हर घातला आणि संगणक चालू होताच पडदा काळा झाला. सेफ मोडमध्ये जाऊन तो काढावा लागला.

कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारे छोटे, मोफत सॉफ्टवेअर चालवायला सांगितले. खिडकी उघडली. कार्डाच्या नावाआधी चौकटी कंसात ‘फेक’ असे लिहिलेले होते आणि एनव्हिडियाच्या चिन्हाच्या जागी उद्गारचिन्हाचा त्रिकोण होता. ही सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये २०१८ पासून आहे, म्हणजे माझ्या खरेदीच्या तीन वर्षे आधीपासून. खाली एकेक रकाना वाचत गेलो: चिप जीएफ११६, ४० नॅनोमीटरची, शेडर (चित्राची आकडेमोड करणारे छोटे घटक) १९२. खऱ्या १०६० च्या ६ जीबी कार्डात १६ नॅनोमीटरची जीपी१०६ चिप आणि १२८० शेडर असतात. व्हल्कनच्या चौकटीत खूण नव्हती. मेमरीची रुंदी मात्र १९२ बिट, जी दोन्ही कार्डांत सारखीच असते; बनावट माल करणाऱ्याने कार्ड निवडतानाही डोके वापरले होते, एवढे श्रेय त्याला द्यावेच लागेल.

ही लबाडी चालते कशी, ते नंतर समजून घेतले. कार्डाची ओळख त्याच्या बायोसमध्ये, म्हणजे कार्डावरच साठवलेल्या मूळ प्रोग्राममध्ये, लिहिलेली असते; हा बायोस पुन्हा लिहिता येतो, आणि त्यात नाव व मेमरीचा आकडा बदलला की संगणक तोच आकडा इतर प्रोग्रामना सांगतो. उरलेले काम बदल केलेला जुना ड्रायव्हर करतो, म्हणून तो पेनड्राइव्ह. सहा जीबी हा केवळ लिहिलेला आकडा असतो. खेळाने खऱ्या एक जीबीच्या पुढचा माल ठेवायला जागा मागितली की ती नसते आणि खेळ कोसळतो. जीएफ११६ ज्या ‘फर्मी’ पिढीतली, त्या पिढीच्या चिपांसाठी एनव्हिडियाने नव्या खेळांचे ड्रायव्हर देणे २०१८ सालीच थांबवले, त्यामुळे साइटवरचा ड्रायव्हर तिला चालणारच नव्हता. थोडक्यात, मी ज्या दोन ठिकाणी खात्री करून घेतली, त्या दोन्ही ठिकाणी विकणाऱ्यानेच लिहून ठेवलेले मी वाचले होते. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर मी खातेवहीवरून खातेवही तपासली, मूळ व्हाउचर मागितलेच नाही.

मूळ व्हाउचर टिळक रोडजवळच्या एका दुरुस्तीवाल्या काकांच्या टेबलावर दिसले. त्यांनी चार स्क्रू काढून पंखा आणि ॲल्युमिनियमचा लहानसा हीटसिंक उचलला, चिपेवरची वाळून खडू झालेली पेस्ट स्पिरिटच्या कापसाने पुसली आणि कार्ड ट्यूबलाइटखाली तिरके धरले. करड्या काचेसारख्या पृष्ठभागावर बारीक अक्षरे उमटली: जीएफ११६-४००-ए१. ते अक्षर कोणत्याही बायोसने बदलत नाही. “दहा वर्षांचं आहे साहेब,” काका म्हणाले, आणि मग आवाज उतरवून, “तसंच पॅक करून देतो, आठ हजारांत निघेल.” मी नको म्हणालो. त्यांना त्याचे नवल वाटले.

विकणाऱ्याचा फोन तोवर बंद झाला होता आणि जाहिरात काढलेली होती. मी पोलीस चौकीत गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतले, तक्रार अर्ज घेतला आणि नेमका प्रश्न विचारला: “हे १०६० आहे असं त्यानं कुठं लिहून दिलंय का?” मी संदेश वर-खाली करून पाहिले. मॉडेलबद्दल तो प्रत्येक वेळी फोनवरच बोलला होता. लेखी संदेशांत फक्त पत्ता, वेळ आणि ‘कार्ड चालू आहे, बघून घ्या’ एवढेच होते. जाहिरातीचे छायाचित्र मी काढून ठेवले नव्हते. यूपीआय व्यवहाराच्या टिपणीत मी स्वतः ‘जीपीयू’ असे लिहिले होते, मॉडेलचे नाव लिहिले असते तर निदान एक ओळ माझ्या बाजूने असती. अर्ज अजून तिथेच आहे.

मेहुणा म्हणाला होता ती सूज पुढच्या वर्षी उतरली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमचे कार्डांवरचे खाणकाम बंद झाले आणि वापरलेल्या कार्डांचा बाजारात पूर आला. तेव्हा मी कोथरूडच्या एका विद्यार्थ्याकडून पुन्हा १०६० घेतले. यावेळी जीपीयू-झेड माझ्याच पेनड्राइव्हवर नेले, ड्रायव्हर साइटवरून माझ्यासमोर उतरवायला लावला, अर्धा तास ताण देणारी चाचणी चालवली आणि मेमरीची वेगळी चाचणी घेतली. मुलगा कंटाळला, पण त्याच्या आईने तेवढ्यात चहा केला.

त्या शोधाच्या दिवसांत एक जाहिरात नजरेस पडली. विक्रेत्याचे नाव वेगळे, ठिकाण वेगळे, पण कार्ड पहिल्या जाहिरातीतल्याच निळ्या फुलांच्या चादरीवर ठेवलेले आणि पोर्टांची बाजू चारही छायाचित्रांत पलीकडे वळवलेली. मी संदेश पाठवला: ‘पोर्टच्या बाजूचा एक फोटो पाठवाल का?’ संदेशाखाली दोन खुणा उमटल्या, त्या निळ्या झाल्या, आणि मिनिटभरात त्याचे खाते मला दिसेनासे झाले.