गंगापूर रोडवर दोन दिवस कुंगफू

नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका इमारतीच्या तळमजल्यावर जेमतेम चाळीस खुर्च्यांचे एक खासगी चित्रपटगृह चालते. गेल्या महिन्यात तेथे शनिवार-रविवार मिळून हाँगकाँगचे तीन जुने मारधाडपट दाखवले गेले आणि तिन्ही खेळांचे एकत्रित तिकीट सहाशे रुपये होते. एवढ्या पैशांत घरबसल्या कितीतरी पाहता येते, हा आक्षेप आमच्या घरातूनच आला. तरीही मी गेलो, कारण हे चित्रपट मी लहानपणी पाहिले होते ते नाशिकरोडच्या एका व्हिडिओ पार्लरमध्ये, घासून गेलेल्या कॅसेटवर, आणि तेथे नायकाची लाथ पडद्याच्या कडेबाहेर गेली की ती कोणाला लागली हे आवाजावरून ओळखावे लागे.

शनिवारी पहिली दहा मिनिटे तोच अनुभव पुन्हा आला. ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ हा हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स या चित्रसंस्थेचा १९७८ मधील चित्रपट रुंद चौकटीत चित्रित झालेला आहे. येथे मात्र पडदा वरपासून खालपर्यंत भरावा म्हणून चित्र ताणून मोठे केले होते आणि दोन्ही बाजूंचा मिळून जवळपास पाव भाग कापला गेला होता. दोघांच्या लढतीत एकाचा फक्त हात दिसत होता. मी उठून चालकांना सांगितले, त्यांनी वाद न घालता चित्र पूर्ववत केले, वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या आणि चित्रपट पहिल्यापासून लावला. ही तत्परता मला आवडली. पण चाळीस जणांपैकी कोणी उठलेच नसते तर काय, हा प्रश्न उरतोच.

कापाकापीवर मी एवढा का अडून बसलो, ते सांगायला हवे. या चित्रपटांत माणूस डोक्यापासून टाचेपर्यंत दिसतो आणि बराच वेळ, मध्ये तुकडा न पडता दिसतो. दिग्दर्शक ल्यू च्या-लियांग स्वतः युद्धकलेच्या घराण्यातले होते, त्यामुळे नायक झालेला गॉर्डन लियू शाओलिन मठातल्या सरावात जेव्हा दंडांना सुऱ्या बांधून पाण्याच्या बादल्या वाहतो, तेव्हा कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर न जाता त्याच्या खांद्यांवर थांबतो. हात जरा खाली आला तर सुरी बरगडीत, म्हणून तो आडवा धरूनच चढायचे. लांब दांड्याच्या जड हातोड्याने घंटा वाजवण्याचा धडाही असाच: सारा भार मनगटावर, आणि ठोका तालात पडलाच पाहिजे. खलनायकाचा पराभव शेवटी उरकल्यासारखा होतो आणि तो मला कधीच फारसा आठवत नाही. आठवतात ते हे धडे. आपल्याकडे तालमीत गेलेल्या कोणालाही ते परके वाटणार नाहीत.

रविवारी जॅकी चॅनचे दोन चित्रपट होते. पहिला ‘प्रोजेक्ट ए’, १९८३ सालचा. त्यातील घड्याळाच्या मनोऱ्याचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. काट्याला लटकण्याची कल्पना १९२३ मधील हॅरॉल्ड लॉइडच्या मूकपटातली. पण लॉइडने उंचीचा आभास छतावर देखावा उभारून आणि कॅमेऱ्याच्या कोनातून साधला होता, तर चॅन खरोखरच सुटतो, कापडी छपरे फाडत जमिनीवर आदळतो. चित्रपटात ते पडणे एकदा दाखवून भागत नाही, लगोलग दुसऱ्यांदाही दाखवले जाते. कथेच्या दृष्टीने ही सरळसरळ चूक आहे, कारण एक माणूस एका मनोऱ्यावरून दोनदा पडू शकत नाही, आणि तरीही ती खटकत नाही. या प्रसंगाच्या आधी सायकलींचा पाठलाग ऐन रंगात आला असताना चालकांनी मध्यंतर केले. त्याबद्दल मात्र त्यांना क्षमा नाही.

‘पोलीस स्टोरी’ (१९८५) पाहताना शेजारी माझा शाळेपासूनचा मित्र होता. त्याने दहावीपर्यंत मल्लखांब केलेला आहे. डबलडेकर बसच्या वरच्या मजल्याची काच फोडून माणसे थेट रस्त्यावर पडली, तेव्हा तो हसला. शेवटी मॉलच्या वरच्या मजल्यावरून चॅन विजेच्या दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबावर झेप घेतो आणि दिवे फोडत, ठिणग्या उडवत थेट खाली घसरतो. त्या उडीत त्याचे तळहात भाजले आणि पाठीलाही दुखापत झाली. ते दृश्य तीन कोनांतून तीनदा येते. तिसऱ्या वेळी मित्राने दोन्ही तळहात मांडीवर घासले आणि हळूच म्हणाला, “अरे, खांबाला एरंडेल लावल्याशिवाय आम्हाला वर चढूसुद्धा देत नसत.” चित्रपटावर त्या दिवशी ऐकलेले यापेक्षा नेमके भाष्य दुसरे नव्हते.

आवाजाबद्दल थोडे. त्या काळी हाँगकाँगमध्ये बहुतेक चित्रपट मूक चित्रित करून संवाद आणि ठोसे नंतर भरले जात, म्हणून ओठ आणि शब्द यांचा मेळ मूळ भाषेतही बसत नाही; तो दोष या चित्रपटगृहाचा नव्हे. खर्जाचा घुमारा वाढवून ठेवणे हा मात्र त्यांचाच. जुन्या ठोशांचा कोरडा, फळीवर फळी आपटल्यासारखा आवाज येथे ढोलासारखा घुमत होता. इंग्रजी उपशीर्षके वाचता येतील एवढी मोठी होती. वातानुकूलन ठीक होते, खुर्च्या उत्तम, चहा पाणचट.

एक तक्रार मी जाताना लेखी दिली. चॅनच्या या चित्रपटांत श्रेयनामावलीबरोबर फसलेल्या उड्या, चुकलेले फटके आणि सेटवरची धावपळ दाखवली जाते. रविवारी नावे सुरू होताच दिवे लागले आणि दार उघडले गेले. पंधरा-वीस जणांनी एकदम ओरडा केला, दिवे पुन्हा बंद झाले, पण तोवर निम्मा भाग निघून गेला होता. चालकांनी वहीत माझ्यासमोर नोंद केली. पुढच्या महिन्याचे तिकीट मी काढले आहे, मधल्या रांगेतले, कारण पहिल्या दोन रांगांतून रुंद चौकटीची दोन्ही टोके एका नजरेत येत नाहीत.